चौदा वर्षं निरंक

सरकारी कचेरीत रिकामा रकाना चालत नाही. रिकामा सोडला तर मागाहून कुणीही त्यात काहीही भरेल, ही भीती. म्हणून जिथे लिहायला काही नसतं तिथे ‘निरंक’ असं लिहायचं. म्हणजे आम्ही पाहिलं, मोजलं, आणि काही निघालं नाही. टाचणीबाई हा शब्द फार सुबक लिहीत. नवीन लागलेल्या पोरी त्यांचं अक्षर बघून म्हणत, “मॅडम, तुमचं ‘निरंक’ फ्रेम करून लावावं असं वाटतं.”

टाचणीबाई हे अर्थातच पाठीमागचं नाव. समोर सगळे ‘मॅडम’च म्हणत. एक तर बाईंच्या टेबलावर सुटा कागद दिसला की त्यांचा जीव कासावीस होई आणि त्याला टाचणी लागे. दुसरं म्हणजे चुकीच्या कागदावर सही मागायला येणाऱ्याला त्या टोचत. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. शिपाईमामा म्हणायचे, “बाईंच्या टेबलाखालून काही सरकवायचं म्हटलं तर झाडूसुद्धा आधी अर्ज करतो.”

बाईंकडे ‘घरपोच मदत’ नावाची योजना होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी रोज दोन तास एक मदतनीस जायची. तिने आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, औषध द्यायचं, पगार खात्याने द्यायचा. योजना कागदावर छान होती आणि कागदावरच होती, कारण चौदा वर्षांत तिच्यासाठी एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. दर वर्षअखेरीला बाई रकान्यात निरंक लिहीत आणि पैसा वर परत जाई. या वर्षी मात्र वरून नेहमीच्या तिप्पट रक्कम आली होती आणि वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते.

साहेबांनी बाईंना आत बोलावलं आणि विचारलं, “चहा घेणार?” साहेबांनी चहा विचारला म्हणजे काम अवघड आहे, हे सगळ्या कचेरीला माहीत होतं.

“नको साहेब. काम सांगा.”

“तुमच्या घरपोच मदतीला यंदा किती अर्ज?”

“निरंक.”

“म्हणजे सगळा पैसा परत. आणि पुढच्या वर्षी आपल्याला ऐकवणार, तुम्हाला गरजच नाही.” साहेबांनी टेबलावर एक फोटो सरकवला. “हे बघा.”

फोटो मुलींच्या वसतिगृहाचा होता. वसतिगृह याच खात्याचं, बसने दीड तासावर. वरच्या मजल्यावर बेचाळीस मुली आणि त्यांना वरखाली करायला एकच लोखंडी जिना. न्हाणीघराचं पाणी झिरपून त्याचे खालचे बोल्ट गंजून पोखरले होते. फोटोत जिन्याच्या कठड्यावर एक पिवळा टॉवेल वाळत घातला होता. तो टॉवेल बाईंनीच घेऊन दिला होता. त्यांची लेक, घरात सगळे जिला ठकी म्हणत, त्याच वसतिगृहात वरच्या मजल्यावर राहून दुसऱ्या वर्षाला शिकत होती.

“दुरुस्तीच्या नावावर या वर्षी दमडी शिल्लक नाही,” साहेब म्हणाले. “तुमचा पैसा इकडे वळवू. नियमात बसतं. योजनेला मागणी निरंक आहे असा टेबलाचा दाखला लागतो, बस्स. चोरी थोडीच करतोय आपण? या खिशातलं त्या खिशात. सदरा एकच.”

साहेब भला माणूस होता, हे इथे सांगायला हवं. त्यांना यातून काही सुटणार नव्हतं. त्यांना खरोखरच तो जिना नीट करायचा होता.

बाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. गेल्या महिन्यात त्या लेकीला भेटायला गेल्या होत्या तेव्हा त्याच जिन्याने चढल्या होत्या. कठड्याला हात लावला तर तळव्याला तांबडा गंज लागला आणि पायरी हलत्या दाढेसारखी डुगडुगली. ठकी वरून हसत होती. “आई, आम्ही एकावेळी तिघीच उतरतो. आम्ही पाटी पण लावलीये, ‘आजोबा थकलेत, हळू चाला’.” त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की बाई पहिली घंटा संपायच्या आत उचलायच्या. आणि आता देवानेच दार उघडलं होतं. दार उघडायला फक्त तो सुबक शब्द लिहायचा होता, जो त्यांनी चौदा वेळा लिहिला होता.

“उद्या दुपारपर्यंत देते, साहेब,” त्या म्हणाल्या.

दाखला टाईप झाला, छापून झाला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात बाहेरच्या खिडकीवर आवाज चढला.

“मी काय पुन्हा पुन्हा तुमच्या गळ्यात पडायला येतो काय? दुकान बंद ठेवून येतो!”

हातांच्या रेघांत काळं वंगण बसलेला, चाळिशीचा एक माणूस खिडकीत वाकून बोलत होता. मागच्या गल्लीत त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. खिडकीवरची नवी मुलगी घाबरून गेली होती.

“मॅडम, मी यांना सांगतेय, अर्जदार स्वतः हजर पाहिजे. खिडकीसमोर अंगठा द्यायचा असतो,” ती म्हणाली.

“काय अर्ज आहे?” बाईंनी विचारलं.

“घरपोच मदतीचा. आईसाठी. तीन वर्षं झाली ती उठलेली नाही.”

“मग नियम आहे तो. अर्जदाराने स्वतः...”

पंक्चरवाल्याने बाईंकडे बघितलं. रागाने नाही, गाढवापुढे गीता वाचून दमलेला माणूस बघतो तसं. “मॅडम, ती स्वतः इथवर येऊ शकली असती, तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

शिपाईमामा खुदकन हसले. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हसू गिळलं.

“आणि याआधी आला होतात म्हणता?”

“ही तिसरी खेप. दोनदा अर्ज हातात परत दिला.”

बाईंनी खिडकीवरच्या मुलीकडे वळून विचारलं, “परत दिलेल्या अर्जांची नोंद कुठे आहे?”

“नोंद कशी असेल, मॅडम? जो अर्ज घेतलाच नाही, त्याची नोंद कुठे करणार? मला शिकवलंच तसं.”

ती मुलगी चुकत नव्हती. बाईंनीच तिला तसं शिकवलं होतं.

दाखला तसाच बिनसहीचा राहिला. बाईंनी लोखंडी कपाटातून जुन्या फायलींचा गठ्ठा उतरवला. धूळ झटकत मामा म्हणाले, “काय शोधताय?”

“हा नियम कुठल्या शहाण्याने केला ते.”

शहाणा तासाभरात सापडला. चौदा वर्षांपूर्वीचा तो कागद, चारही कोपऱ्यांना टाचण्या लावलेला. तेव्हा एका दलालाने सात मेलेल्या माणसांच्या नावावर मदतनीसांचा पगार खाल्ला होता आणि एका तरुण कारकून बाईने ते पकडलं होतं. तिचं कौतुक झालं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं, असं तेव्हाच्या साहेबांनी तिलाच विचारलं, आणि तिने एक ओळ लिहून दिली, “अर्जदाराने दर वर्षी खिडकीवर स्वतः हजर राहून अंगठा द्यावा.” ती घाईत होती, हेही बाईंना आठवलं. ठकी तेव्हा चार वर्षांची होती, तापाने फणफणली होती आणि शेवटची बस सुटायला दहा मिनिटं होती. साहेबांनी सही केली. पुढच्या वर्षी यादी कोरी झाली. साहेब म्हणाले, “बघा! सगळेच चोर होते!” बाईंना तेव्हा किती अभिमान वाटला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. इथे तर फाशी देणारीचा सत्कार झाला होता.

संध्याकाळी बाई पंक्चरवाल्याच्या घरी गेल्या. दुकानाच्या मागेच एक खोली होती. खाटेवर म्हातारी. डोक्याशी छतातून एक दोर सोडलेला, धरून कूस वळवायला. खोली झाडलेली होती, चादर स्वच्छ होती. म्हातारीचं शरीर कंबरेखाली हलत नव्हतं, पण जीभ ठणठणीत होती.

“कोण ही?” तिने मुलाला विचारलं.

“कचेरीतून आल्यात, आई.”

“अंगठा घ्यायला? घ्या. अजून तोडून नाही ठेवलेला.”

बाई खाटेशेजारी बसल्या. मुलगा बाहेर गिऱ्हाइकाकडे गेला तशी म्हातारीने आवाज खाली आणला.

“तुम्ही बाईमाणूस आहात म्हणून सांगते. जेवणखाण तो करतो, त्याचं मला काही नाही. पण आंघोळ... चाळीस वर्षांचा मुलगा आईला आंघोळ घालतो. मी डोळे मिटून घेते. तो भिंतीकडे बघतो. तीन वर्षं झाली, त्या वेळी आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.”

बाईंनी तो दोर म्हातारीच्या हाताजवळ सारला. मग उठताना त्यांनी विचारलं, “या भागात तुमच्यासारखं आणखी कुणी आहे?”

“मला काय माहीत? मी इथे पडलेली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारा. पाठीला जखमा झाल्या की पावडर लागते. ती कोण नेतं त्याला ठाऊक.”

औषधवाल्याने बोटं मोजली. त्याच्या एकट्याच्या दुकानातून अकरा घरी ती पावडर जात होती. आणि त्या वस्तीत औषधाची चार दुकानं होती.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चष्मे बनवायचा. दिवसभर लोकांना ‘आता कसं दिसतंय’ विचारून विचारून तो घरी फारसं काही विचारत नसे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग यंदा लिहून टाक निरंक. जिना होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी तुझा नियम बदल आणि सगळ्यांना मदत दे. चौदा वर्षं थांबलेत, अजून एक वर्ष.”

“ती पावडर लावणारे आणखी एक वर्ष थांबतील?”

“अगं, आपली ठकी त्या जिन्यावर आहे!”

“मला सांगतोस?” बाई एकदम ओरडल्या. मग त्यांनी ताट पुढे ओढलं. “आपला तो बाब्या, नाही का. मला डोळे मिटले की जिना कोसळतानाच दिसतो. आणि उघडले की ती म्हातारी. मी खोटं लिहिणार, तेही माझ्या पोरीसाठी, आणि तेही अशा माणसांच्या तोंडातलं काढून, ज्यांना ओरडायला खिडकीपर्यंतही येता येत नाही.”

“कायद्याने खोटं नाहीये ते. नोंदवहीत अर्ज नाहीतच.”

“तेच तर!”

नवऱ्याने बाईंच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाला, “मला एक कळत नाही. जिना पडायला झालाय म्हणता, मग त्याला पैसे मागायला दुसऱ्याच्या योजनेत का जावं लागतं? सरकारकडे पडक्या जिन्यासाठी पैसे नसतात?”

बाईंनी ताट बाजूला सारलं. असतात. आकस्मिक निधी म्हणतात त्याला. इंजिनिअरने ‘धोकादायक’ असं लेखी दिलं की चार दिवसांत मिळतो. त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला.

“ठके, तुमच्या जिन्याबद्दल कुणी लेखी तक्रार केली आहे का?”

“लेखी? वेडी आहेस का? रेक्टरबाई म्हणतात, लेखी दिलं की वरचा मजला बंद करतील. मग बेचाळीस जणी जाणार कुठे? आणि मागच्या तपासणीत इंजिनिअरने ‘ठीक’ लिहिलंय म्हणे. तो कसा आता उलटं लिहील? का गं?”

“काही नाही. तू उतरताना कठडा धरू नकोस. भिंतीकडून उतर.”

“आई, भिंत नाहीये त्या बाजूला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नवा कागद लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा ठेवला. त्यात लिहिलं होतं की, योजनेची मागणी निरंक नाही. मागणी आजवर निरंक दिसली, कारण अर्ज खिडकीवरूनच परत केले जात होते. ज्या नियमामुळे ते परत केले जात, तो नियम माझ्याच टिपणीवरून झाला. तो चुकीचा होता. खाली सही.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मॅडम, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात! तुम्हाला कुणी विचारलं होतं? वर गेला हा कागद तर तुम्हाला नोटीस येईल.”

“येऊ दे.”

“आणि जिना? तुमची मुलगी त्याच वसतिगृहात आहे ना?”

“म्हणून तर मी तो दाखला दिला नाही, साहेब. उद्या कुणी विचारलं, बाईंनी दुसऱ्यांच्या आयांच्या पैशातून स्वतःच्या लेकीचा जिना केला का, तर मी काय सांगू?” त्यांनी वसतिगृहाचा फोटो साहेबांपुढे सरकवला. “जिन्याचे पैसे त्याच्या स्वतःच्या दाराने येतील. आकस्मिक निधी आहे. इंजिनिअरसाहेबांना बोलवा. एक शब्द लिहायचाय त्यांना.”

इंजिनिअर आला. गुटगुटीत, हसरा माणूस, पण विषय कळल्यावर त्याचं हसू आटलं.

“मॅडम, दीड वर्षापूर्वी मीच ‘ठीक’ लिहिलंय. तेव्हा ठीकच होता हो, बऱ्यापैकी. आज ‘धोकादायक’ लिहिलं तर पहिला प्रश्न मला, की तेव्हा झोपला होतात का? त्यापेक्षा तुमचं ते वळवावळवीचं गुपचूप झालं असतं तर साप पण मेला असता आणि...”

“...आणि काठी पण वाचली असती. काठी म्हणजे आपण तिघं,” बाई म्हणाल्या. त्यांनी आपला कागद त्याच्यासमोर ठेवला. “हा वाचा.”

इंजिनिअरने वाचला. मान वर केली तेव्हा तो जरा खजील दिसत होता.

“माझी चूक चौदा वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “तुमची दीड वर्षाची. दोन्ही कागद एकाच दिवशी वर पाठवू. तुमच्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही.”

साहेबांना एकदम हसू फुटलं. मनापासून हसले ते, बऱ्याच दिवसांनी. इंजिनिअर म्हणाला, “तुम्हाला टाचणी म्हणतात ते उगाच नाही.” आणि मग जीभ चावली, कारण ते नाव समोर घ्यायचं नसतं.

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “पेन देऊ?”

तो स्वतः जाऊन जिना बघून आला आणि संध्याकाळी ‘धोकादायक’ असं लिहून दिलं. त्याच दिवशी वरचा मजला बंद झाला. बेचाळीस मुली गाद्या-वळकट्या घेऊन खालच्या अभ्यासिकेत आणि जेवणघरात आल्या. ठकीचा फोन आला तेव्हा तिच्या मागे भांड्यांचा नि बायकी भांडणांचा कल्लोळ चालला होता.

“आई, तुला हे करायचंच होतं तर परीक्षेनंतर करायचंस! मी स्वयंपाकघराच्या दारात झोपतेय! सकाळी पाच वाजता माझ्या डोक्यावरून पातेली जातात!”

“जाऊ देत पातेली.”

“तुला काही वाटत नाही?”

बाईंना खूप काही वाटत होतं. लेकीचे मार्क घसरले तर ती आयुष्यभर ऐकवेल, हेही वाटत होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “कानात कापूस घाल. मी येताना आणते.” ठकीने फोन आपटला. चार दिवस तिने आईशी बोलणं टाकलं.

बाईंना तरी बोलायला कुठे वेळ होता? ज्या खुर्चीने नियम केला तीच तो मोडू शकत होती, आणि साहेबांनी तो दोन ओळींत मोडला. आता अंगठा घ्यायला कचेरीनेच घरी जायचं. उरलेल्या नऊ दिवसांत बाई, खिडकीवरची मुलगी आणि शिपाईमामा औषधवाल्यांच्या याद्या घेऊन वस्ती धुंडाळत होते. मामांच्या खांद्याला शाईचा पॅड आणि फॉर्मांची पिशवी. पायऱ्या चढताना ते कुरकुरायचे, “इतकी वर्षं लोकांना हेलपाटे घातले, आता व्याजासकट फेडतोय.” पंक्चरवाला संध्याकाळी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर यायचा. कुठल्या घरात कोण पडून आहे, हे त्याला लोक सांगायचे. कचेरीच्या माणसांना दाराच्या फटीतून ‘कोण पाहिजे’ एवढंच ऐकू यायचं.

सगळीकडे वेळेवर पोचता आलं नाही. एका घरी दार उघडणाऱ्या सुनेने फॉर्म बघितला आणि म्हणाली, “सासरे गेल्या महिन्यात गेले. दोनदा आले होते हो आमचे हे तुमच्या खिडकीवर.” तिने तरीही पाणी विचारलं. बाईंनी घेतलं, ग्लास रिकामा केला. जिना उतरल्यावर खिडकीवरची मुलगी रडायला लागली. बाई म्हणाल्या, “रडायचं असेल तर चालता चालता रड. अजून तीन घरं आहेत.” आणि स्वतः पुढे झाल्या, त्यांचे डोळे तिला दिसू नयेत म्हणून.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकतीस अर्ज मंजूर झाले. मदतनीसांचा वर्षभराचा पगार बाजूला काढूनही सगळा पैसा लागला नाही. उरलेला परत गेला आणि साहेब दिवसभर चरफडत होते. पण बाईंनी त्या रकान्यात आकडा लिहिला. नऊ दिवस फॉर्म भरून बोटं आखडली होती, त्यामुळे तो आकडा अगदीच गबाळा आला, आणि नव्या पोरी म्हणाल्या, “मॅडम, हे मात्र फ्रेम नाही करता येणार.”

पाठोपाठ नोटीसही आली. चौदा वर्षांपूर्वीच्या टिपणीबाबत खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला, काही लपवलं नाही. त्याचं पुढे काय होईल ते अजून कुणाला माहीत नाही. एखादी पगारवाढ जाईल, असं साहेबांचं मत. नवरा म्हणाला, “जाऊ दे. मी लोकांना जरा महागाच्या फ्रेमा सुचवीन.” जिन्याचे पैसे मंजूर झाले आणि जुना जिना कापून काढला, तेव्हा सगळ्यांत खालचा बोल्ट पक्कड लावायच्या आधीच हातात आला, असं इंजिनिअरने स्वतः फोन करून सांगितलं. त्याला ते सांगायची काही गरज नव्हती. ठकी पातेल्यांच्या आवाजातच परीक्षा देत होती आणि पेपर बरे जात होते, असं तिने वडिलांना कळवलं होतं. आईशी ती अजून मोजकंच बोलत होती. पण परवा तिने कापूस मागून घेतला होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मदतनीस कामाला लागल्या. पहिल्याच सकाळी बाई मामांना घेऊन पंक्चरवाल्याकडे गेल्या, हजेरीचा कागद द्यायचं निमित्त करून. मदतनीस तिशीची, हाडापेराने मजबूत बाई होती. तिने पदर खोचला, बादलीत बोट बुडवून पाणी बघितलं आणि पंक्चरवाल्याला म्हणाली, “दादा, तुम्ही आता बाहेर व्हा.”

दार लागलं. पंक्चरवाला बाहेर पायरीवर बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. आतून आधी नुसताच पाण्याचा आवाज आला. मग म्हातारीचा.

“अगं ए बये, मला शिजवतेस काय? गार घाल त्यात!”

“मावशी, हलू नका, साबण डोळ्यात जाईल.”

“हलता आलं असतं तर तुला बोलावलं असतं का?”

आणि मग म्हातारी हसली. मोठ्याने, खोकला येईपर्यंत हसली. पंक्चरवाल्याने चमकून दाराकडे पाहिलं. आईचा हा आवाज त्याने किती दिवसांत ऐकला नव्हता, कोण जाणे. त्याने काळ्या हातांनी तोंड पुसलं आणि गालावर वंगणाचा पट्टा उमटला.

“जा की,” शिपाईमामा हळूच म्हणाले. “दोन तास आहेत तुझ्याकडे. दुकान उघड. समोर एक सायकलवाला कधीचा उभा आहे.”

तो उठला. शटर वर गेलं. बाईंनी हजेरीचा कागद पायरीवरच मदतनीसबाईच्या चपलांखाली दाबून ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि मामांना विचारलं, “पुढचं घर कुठलं?”